वहीत लिहिलेला कर्नल

दूध संघाचा सर्व्हर बंद ठेवायला चोवीस तासांत एकच जागा सापडते. संध्याकाळच्या संकलनाचे आकडे गावोगावच्या संस्थांकडून येऊन त्यांचा ताळा लागेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात, आणि पहाटे सहाच्या सुमारास सकाळच्या संकलनाच्या नोंदी सुरू होतात. मधल्या सात तासांत सर्व्हरचे जे काम करायचे ते उरकावे लागते. सहा वाजता सर्व्हर जागेवर नसेल, तर संस्थेच्या दारात कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे दूध मापले जाते, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) मोजले जाते, परंतु त्याची नोंद कागदावर राहते, आणि दहा दिवसांच्या बिलाच्या वेळी तो कागद शोधत बसण्याची पाळी येते.

२०२४ च्या मार्च महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातील अशाच एका दूध संघाचा मुख्य सर्व्हर जुन्या होस्टवरून, म्हणजे ज्या प्रत्यक्ष संगणकावर तो चालत होता त्यावरून, नव्या होस्टवर हलवण्याचे काम माझ्याकडे होते. जुन्या होस्टवर व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय, म्हणजे एकाच यंत्रावर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभारलेले संगणक) चालवणारे सॉफ्टवेअर होते. त्याच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले, त्यामुळे संघाने नव्या होस्टसाठी त्याच कामाचे, लिनक्सच्या केव्हीएमवर चालणारे प्रॉक्समॉक्स निवडले होते. हलवायच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजेच संघाच्या सर्व्हरमध्ये, सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली होती. तिलाही मिळणाऱ्या सुधारणा ३० जून २०२४ रोजी थांबणार होत्या, परंतु आधी होस्ट बदलायचा आणि मग सावकाश आतली प्रणाली बदलायची, असे संगणक विभागाच्या प्रमुखांनी ठरवले होते, आणि तो निर्णय मला योग्य वाटला होता. एका रात्रीत दोन गोष्टी बदलल्या म्हणजे बिघाड झाल्यावर तो कशामुळे झाला हे कळत नाही.

मशीन बंद करण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे वहीत काही गोष्टी लिहून घेतल्या: आयपी पत्ता, डिस्कचे विभाग, चालू असलेल्या सेवांची यादी आणि प्रणालीचा गाभा असलेल्या कर्नलची आवृत्ती. कर्नल ३.१०.०-११६० या मालिकेतला होता. रात्रपाळीच्या ऑपरेटरने संध्याकाळच्या संकलनाचा गोषवारा छापून माझ्यासमोर ठेवला. साडेअकराला मशीन रीतसर बंद केले, त्याची १२० जीबीची डिस्क फाइल नव्या होस्टवर आणली, क्यूईएमयूच्या साधनाने तिचे स्वरूप बदलले आणि दीड वाजता नवे व्हर्च्युअल मशीन सुरू केले.

पडद्यावर एकच ओळ आली: बूट करता येईल असे एकही उपकरण नाही.

ही अडचण दहा मिनिटांत सुटली. जुने मशीन यूईएफआय या फर्मवेअरवर (मशीन सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर) उभारलेले होते आणि नव्या होस्टवर मी ते तयार करताना मूळ पर्याय, म्हणजे जुन्या पद्धतीचे बायोस, तसेच राहू दिले होते. फर्मवेअर बदलले, त्याच्यासाठी लागणारी छोटी डिस्क जोडली आणि कर्नल निवडून सुरू करणाऱ्या ग्रबचा मेन्यू समोर आला. मी एंटर दाबले. कर्नल सुरू झाला, काही ओळी धावल्या आणि मग सुमारे तीन मिनिटे, बूटच्या सुरुवातीची तयारी करणाऱ्या ड्रॅकटच्या मुदत संपल्याच्या सूचना एकामागून एक येत राहिल्या. शेवटी मूळ विभाग, म्हणजे प्रणाली जिथे बसवलेली असते तो डिस्कचा भाग, अस्तित्वात नाही असे सांगून मशीनने मला ड्रॅकटच्या आणीबाणीच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) आणून सोडले.

मूळ विभाग सापडत नाही म्हटल्यावर पहिला संशय डिस्क खराब झाल्याचा किंवा डिस्कचे विभाग सांभाळणाऱ्या एलव्हीएमची रचना मोडल्याचा येतो, आणि घाईत माणूस दुरुस्तीच्या आज्ञा देऊ लागतो. त्या आज्ञा देण्यापूर्वी मशीनला डिस्क दिसते आहे का, हा साधा प्रश्न विचारायला हवा. मी विभागांची यादी काढली, तर ती रिकामी होती. म्हणजे डिस्कवरची रचना मोडलेली नव्हती. कर्नलला डिस्कच दिसत नव्हती.

याचे कारण सेंटओएसच्या बूट होण्याच्या पद्धतीत आहे. डिस्क वाचण्याचा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवलेला असतो, आणि ड्रायव्हर नसेल तर डिस्क वाचता येत नाही. हा पेच सुटावा म्हणून ग्रब कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाची एक शिदोरी मेमरीत आणून ठेवतो, आणि तिच्यातल्या ड्रायव्हरच्या जोरावर कर्नल खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचतो. ही शिदोरी ड्रॅकट बांधतो, आणि ती आटोपशीर राहावी म्हणून ज्या मशीनवर बांधली त्या मशीनला लागणारेच ड्रायव्हर तिच्यात घालतो. जुन्या होस्टवर डिस्क व्हीएमवेअरच्या कंट्रोलरमागे होती. नव्या होस्टवर ती व्हर्टआयओ या केव्हीएमच्या कंट्रोलरमागे होती. शिदोरीत व्हर्टआयओचा ड्रायव्हर नव्हता. कर्नलचा काही दोष नव्हता, डिस्कचाही नव्हता.

यावर उपाय सेंटओएसनेच करून ठेवलेला असतो. ग्रबच्या मेन्यूत सर्वांत खाली बचावाची एक नोंद असते, आणि तिची शिदोरी प्रणाली बसवतानाच सर्व ड्रायव्हर घालून बांधलेली असते. ती निवडल्यावर मशीन उभे राहिले, डिस्क दिसली आणि मूळ विभाग जोडला गेला. आता एकच काम उरले होते: ड्रॅकटला सांगून नेहमीच्या कर्नलसाठी व्हर्टआयओसह नवी शिदोरी बांधून घेणे. बचावाचा कर्नल वेगळ्या आवृत्तीचा असल्यामुळे कोणत्या कर्नलसाठी बांधायचे ते नावानिशी सांगावे लागते. मी वही उघडून ११६० मालिकेतला तो आकडा टाइप केला.

त्या आवृत्तीच्या मॉड्यूलची (म्हणजे ड्रायव्हरांची) निर्देशिकाच नाही, असे ड्रॅकटने उत्तर दिले.

टाइप करण्यात चूक झाली असेल म्हणून मी एकेक अंक वहीशी ताडून पुन्हा आज्ञा दिली. उत्तर तेच आले. मग मॉड्यूलच्या निर्देशिकेत काय आहे ते पाहिले, तर तिथे ३.१०.०-१०६२ मालिकेतले कर्नल होते आणि ११६० चा मागमूस नव्हता. थोड्या वेळापूर्वी ग्रबच्या मेन्यूतही १०६२ हाच आकडा होता. मी तो डोळ्यांनी पाहिला होता, पण वाचला नव्हता.

अडीच वाजून गेले होते. समोर जो कर्नल आहे त्याचीच शिदोरी बांधली असती तर पाच मिनिटांत मशीन उभे राहिले असते, लॉगिनची ओळ आली असती आणि ऑपरेटरने चहा मागवला असता. वहीत लिहिताना आपलीच चूक झाली असेल, असे स्वतःला समजावणेही सोपे होते. परंतु तो आकडा मी आठवून लिहिलेला नव्हता, पडद्यावरून उतरवून घेतलेला होता. १०६२ हा सेंटओएस ७.७ चा कर्नल आणि ११६० हा ७.९ चा. तीन तासांपूर्वी ७.९ वर चालणारे मशीन नुसते एका जागेवरून दुसऱ्या जागी नेल्याने ७.७ वर येत नाही. मी डेटाबेसला हात न लावता प्रणालीच्या लॉगमधली शेवटची ओळ काढली. तिच्यावर फेब्रुवारी २०२१ मधली तारीख होती.

माझ्या समोर तीन वर्षांपूर्वीचा दूध संघ होता. तेव्हाचे उत्पादक, तेव्हाचे दरपत्रक, पशुखाद्याच्या उचलीच्या तेव्हाच्या बाक्या. मी मशीन उभे करून डेटाबेस सुरू केला असता, तर सकाळच्या संकलनाच्या नोंदी याच पायावर चढत गेल्या असत्या. कोणाच्या तरी लक्षात ते आलेच असते, पण तोवर किती संस्थांच्या नोंदी आत गेल्या असत्या आणि त्या वेगळ्या काढायला किती दिवस लागले असते, याचा विचार करताना माझ्या हाताला घाम सुटला होता.

मी प्रमुखांना फोन केला. ते संघाच्या वसाहतीतच राहत असल्यामुळे पंधरा मिनिटांत येऊन बसले. मी त्यांना लॉगची तारीख दाखवली आणि जुन्या होस्टवर या मशीनचा कधी स्नॅपशॉट घेतला होता का, असे विचारले.

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ते ७.९ चे अपडेट करताना घेतला होता. काही बिघडले तर मागे येता यावे म्हणून. अपडेट नीट झाले, मग त्याच्याकडे परत कोणी बघितलेच नाही."

जुन्या होस्टवरची निर्देशिका उघडली तेव्हा सगळा उलगडा झाला. स्नॅपशॉट घेतल्या क्षणापासून मूळ डिस्क फाइल गोठते आणि त्यानंतरचे प्रत्येक लेखन वेगळ्या फाइलीत जाऊ लागते. तिच्या नावाच्या शेवटी शून्यांनंतर एक असा क्रमांक असतो. मशीनच्या वर्णनाच्या फाइलीत डिस्क म्हणून हीच क्रमांकाची फाइल लिहिलेली होती, आणि तिच्या वर्णनात तिची जनक म्हणून मूळ फाइल नोंदलेली होती. मी त्यांतली फक्त जनक फाइल आणली होती. क्रमांकाशिवायचे नाव पाहून तीच खरी डिस्क असे मी धरून चाललो होतो, आणि मशीनच्या वर्णनाची फाइल उघडून खात्री करून घेतली नव्हती. ही चूक माझी होती आणि मी ती प्रमुखांना तशीच सांगितली.

एक गोष्ट मात्र नशिबाने नव्हे, सवयीने नीट झाली होती: मी डिस्कची प्रत आणली होती, मूळ फाइलीवर काहीही केले नव्हते. मूळ फाइलीत नंतर लेखन झाले असते, तर क्रमांकाच्या फाइलीतले तुकडे तिच्यावर जुळले नसते आणि तीन वर्षांच्या नोंदी शाबूत असूनही वाचता आल्या नसत्या.

दोन फाइली एकत्र करण्याचा सरळ मार्ग म्हणजे जुन्या होस्टवरच स्नॅपशॉट काढून टाकणे. परंतु तीन वर्षे वाढत गेलेली ती फाइल मूळ फाइलीत मिसळायला किती वेळ लागेल हे सांगता येत नव्हते, आणि अर्ध्यात काही झाले असते तर परतीची वाटच राहिली नसती. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. ईएसएक्सआयच्या साधनाला क्रमांकाची फाइल देऊन तिची प्रत मागितली, तर ते सगळी साखळी वाचून एकसंध डिस्क लिहून देते आणि मूळ फाइलींना धक्का लावत नाही. ती प्रत आधी जुन्या होस्टवर आणि मग नेटवर्कवरून नव्या होस्टवर, असा दुहेरी वेळ वाचावा म्हणून नव्या होस्टची जागा एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या सोयीने, जुन्या होस्टला जोडली आणि थेट तिथेच लिहायला लावले. प्रमुखांनी एकच अट घातली: साडेचारपर्यंत नवे मशीन उभे राहिले नाही तर ते सोडून द्यायचे आणि जुन्या होस्टवरचे मशीन चालू करायचे.

सुमारे पन्नास मिनिटे आम्ही टक्केवारीचा आकडा वाढताना पाहत बसलो. त्या वेळात ऑपरेटरने मला छापील गोषवारा वाचायला शिकवला, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. कोणत्या रकान्यात गायीचे दूध, कोणत्या रकान्यात म्हशीचे, गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून कसा वर-खाली होतो, आणि एकूण किलो फॅटचा आकडा पाहिला की बाकीचे जवळजवळ तपासल्यासारखेच कसे असते, हे त्याने नीट समजावून सांगितले.

चारच्या सुमारास नवी डिस्क तयार झाली. या वेळी ग्रबच्या मेन्यूतला सर्वांत वरचा आकडा मी वहीवर बोट ठेवून वाचला: ११६०. बचावाच्या नोंदीने आत जाऊन ड्रॅकटला तीच आज्ञा दिली. त्याने तक्रार न करता शिदोरी बांधली. मशीन पुन्हा सुरू केले आणि सव्वाचारला लॉगिनची ओळ आली. नेटवर्क चालू झाले नाही, कारण जुन्या होस्टवर ईएनएस१९२ हे नाव असलेल्या नेटवर्क कार्डाला नव्या होस्टवर ईएनएस१८ हे नाव मिळाले होते. जिच्यात हे नाव लिहिलेले असते ती फाइल बदलायला पाच मिनिटे पुरली.

लॉगची शेवटची ओळ आदल्या रात्री साडेअकराची होती. तरीही डेटाबेस सुरू केल्यावर आम्ही लगेच संस्थांसाठी मार्ग खुला केला नाही. ऑपरेटरने पडद्यावर संध्याकाळचा गोषवारा काढला, प्रमुखांनी छापील कागद हातात धरला, आणि संस्थांची संख्या, लिटर, किलो फॅट, किलो एसएनएफ असे एकेक आकडे ते मोठ्याने वाचत गेले. मग त्यांनी स्वतःहून तीन संस्था निवडल्या आणि त्यांच्यातल्या काही उत्पादकांच्या पशुखाद्याच्या बाक्या जुन्या छापील यादीशी ताडून पाहिल्या. सगळे जुळले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

सहाला काही मिनिटे असताना पहिल्या संस्थेची नोंद आली. ऑपरेटरने संस्थेचा क्रमांक वाचला, आणि प्रमुखांनी त्याला तारीखही वाचायला सांगितली.