1 जीबीच्या सर्व्हरवर बेदाण्याचा हिशेब

तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी बेदाण्याच्या आवक-जावकीची नोंद ठेवणारे अ‍ॅप मी सांगलीत बसून सांभाळतो. लारावेल (पीएचपी भाषेतील फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर चालणारे हे अ‍ॅप 1 जीबी रॅमच्या क्लाउड सर्व्हरवर आहे, कारण मालकांना दरमहा परवडणारा सर्व्हर तेवढाच होता. मार्चमध्ये नवा बेदाणा येऊ लागला की गेटवर गाड्यांची रांग लागते आणि आवक पावती निघाल्याशिवाय बॉक्स आत जात नाहीत. अशाच एका दुपारी डेटाबेस बंद पडला, आपोआप सुरू झाला आणि अर्ध्या तासात पुन्हा पडला.

मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये कारण सापडले नाही, आणि ते सापडणारही नव्हते, कारण ज्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सक्तीने संपवतो तिला शेवटची ओळ लिहिण्याचीही सवड मिळत नाही. कारण मिळाले ते कर्नलच्या लॉगमध्ये: ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’. रॅम संपली की लिनक्स एखादी प्रोसेस निवडून मारतो, आणि ही निवड मुख्यतः कोणी किती मेमरी व्यापली आहे यावरून होते. माझ्याकडे पीएचपी-एफपीएमच्या (अ‍ॅपचा पीएचपी कोड चालवणाऱ्या सेवेच्या) 20 प्रोसेसना परवानगी होती आणि प्रत्येक सुमारे 50 एमबी घेत होती. त्यांतली एकही एकटी मोठी नव्हती. सुमारे 380 एमबी घेणारे मायएसक्यूएल मात्र सर्वांत मोठे होते, म्हणून मेमरी इतरांनी संपवली तरी मारले गेले तेच. त्यामुळे जी प्रोसेस मेली तिच्यातच दोष शोधत बसू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सुमारे 960 एमबीतून ऑपरेटिंग सिस्टिम व एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचे 150, मायएसक्यूएलचे 380 आणि सुमारे 180 एमबी राखीव जागा वजा केल्यावर पीएचपीच्या 5 प्रोसेसच बसत होत्या, म्हणून कमाल मर्यादा 5 केली. सहावी विनंती क्षणभर थांबते, पण डेटाबेस मरत नाही. शिवाय मायएसक्यूएलची परफॉर्मन्स स्कीमा (स्वतःच्या कामगिरीची मोजमापे ठेवणारी सोय) बंद केल्याने बरीच मेमरी मोकळी झाली.

त्यानंतर 2 जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, तयार केली. तिची परवानगी 600 ठेवावी, म्हणजे ती फक्त मालक वापरकर्त्यालाच वाचता-लिहिता येते. तिची नोंद एफस्टॅब या सेटिंग फाइलमध्ये करावी, ती नसेल तर सर्व्हर रीबूट झाल्यावर स्वॅप सुरू होत नाही. स्वॅपिनेस, म्हणजे लिनक्स स्वॅपकडे किती लवकर वळतो हे ठरवणारा आकडा, 60 वरून 10 वर आणले. स्वॅप म्हणजे रॅम नव्हे. डिस्क तिच्या तुलनेत फार संथ असते, आणि व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये स्वॅपची ये-जा सतत दिसत असेल तर मेमरीचा हिशेब पुन्हा मांडायला हवा.

डिप्लॉयमेंटची, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याची, अडचण वेगळी होती. सर्व्हरवर फ्रंटएंडचा बिल्ड (ब्राउझरसाठीच्या फाइल्स तयार करण्याचे काम) चालवला की तो ‘किल्ड’ म्हणून थांबे आणि एक्झिट कोड 137 येई, म्हणजे 128 अधिक सक्तीने मारण्याच्या सिग्नलचा 9. अशा वेळी नोडची (बिल्ड चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट प्रोग्रामची) हीप मर्यादा, म्हणजे तो वापरू शकेल त्या मेमरीची मर्यादा, 4096 एमबी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि 1 जीबीच्या सर्व्हरवर तो अपायकारक आहे. ‘जावास्क्रिप्ट हीप आउट ऑफ मेमरी’ असा संदेश आला तर नोडने स्वतःची मर्यादा गाठलेली असते. नुसते ‘किल्ड’ दिसले तर बहुधा सर्व्हरचीच रॅम संपलेली असते, आणि मर्यादा वाढवल्याने रॅम वाढत नाही. आता मी बिल्ड माझ्या लॅपटॉपवर करतो आणि तयार फाइल्स आरसिंक या फाइल पाठवण्याच्या साधनाने पाठवतो. पीएचपीची पॅकेजेस आणणाऱ्या कंपोझरचे अपडेटही सर्व्हरवर चालवत नाही. लॉक फाइलवरून (पॅकेजेसच्या आधीच ठरलेल्या आवृत्त्यांच्या यादीवरून) होणाऱ्या इन्स्टॉलला त्यामानाने फारच कमी मेमरी लागते.

शिल्लक मेमरी पाहताना ‘फ्री’ कमांडमधला ‘अव्हेलेबल’ रकाना पाहावा, कारण लिनक्स रिकामी रॅम डिस्कच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडताच परत देतो. एप्रिलमध्ये गेटवर सर्वाधिक गाड्या होत्या त्या दिवशी त्या रकान्यात 180 एमबी दिसत होते.