अण्णांचे बाबा

दिवेघाट चढताना यंदा ढग इतके खाली आले होते की पुढच्या दिंडीची पताका दिसायची आणि ती धरणारा दिसायचा नाही. मस्तानी तलाव कधीच पुसला गेला होता. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या आणि भिजलेल्या पखवाजाचा आवाज बसला होता. तेवढ्यात ढगांच्या वर कुठेतरी लोहगावचं सुखोई गडगडत गेलं. आमच्या दिंडीत कुणी मान वर केली नाही. मी केली. दिसणार काहीच नव्हतं, पण ही सवय वडलांकडून आली आहे आणि आता ती मोडायचं माझं वय नाही.

माझे वडील, अण्णा, हवाई दलात रिगर होते. विमानाचं धड, पंख, चाकं, तारा त्यांच्याकडे. इंजिन मात्र दुसऱ्याकडे, हे शल्य त्यांना शेवटपर्यंत होतं. 1948 साली ते जम्मूला डाकोटा विमानांवर होते. नोकरी संपल्यावर गावी आले, गळ्यात माळ घातली आणि दरवर्षी आळंदी ते पंढरपूर चालू लागले. वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, अण्णाही म्हणायचे. ‘बाबा’ मात्र त्यांनी एकाच माणसाला म्हटलं. एअर कमोडोर मेहर सिंग. हवाई दलात त्यांना सगळेच मेहर बाबा म्हणत.

या नावानं दिंडीत दरवर्षी घोटाळा व्हायचा. नगरकडच्या एक मावशी ‘मेहेरबाबा’ ऐकताच चालता चालता हात जोडायच्या. अण्णा म्हणायचे, "अहो मावशी, तुमचे अरणगावचे. आमचे लायलपूरचे. पगडीवाले." मावशी म्हणायच्या, "असूंद्या की, बाबाच ना?" आणि पुन्हा हात जोडायच्या. चार-पाच वर्षांनी अण्णांनी दुरुस्ती करणं सोडून दिलं.

सासवडच्या वाटेवरचा हा टप्पा सगळ्यात लांब, म्हणून अण्णा बाबांची चालण्याची गोष्ट इथेच काढायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, वझिरिस्तानातली. बाबा तेव्हा कोवळे अधिकारी, विमान वापिटी, म्हणजे दोन मजली पंखांचं आणि वर उघडं. टाकीला गोळी लागली. डोंगरात जागा मिळेल तिथे विमान टेकवलं आणि गनर गुलाम अली आणि ते, दोघे अंधारात टोळीवाल्यांना चुकवत आपल्या फौजेच्या ठाण्यापर्यंत चालत आले. पोहोचल्यावर लगेच पुन्हा उड्डाणाला हजर. अण्णांना यातलं उड्डाण फारसं महत्त्वाचं वाटायचं नाही. "चालत आले, बघ," एवढंच ते दोनदा सांगायचे. वैमानिकाच्या पायांचं कौतुक करणारा हवाई दलातला एकमेव माणूस बहुधा तेच असावेत.

जेजुरीला अंगावर भंडारा पडतो, वाल्ह्याला पाय सुजतात, नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान होतं. हे सगळं वारीवरच्या लेखांत येतं, मी पुन्हा लिहीत नाही. लोणंदच्या मुक्कामाचं सांगतो, कारण पुंछची गोष्ट तिथली. ती चालता चालता सांगता येत नसे, तिला बैठक लागे. राहुटीत कंदील, पिठलं-भाकरी झालेली, आणि अण्णा सतरंजीवर बोटानं रेघ ओढायचे. "ही धावपट्टी. जेमतेम 600 यार्ड. आणि तिन्ही अंगांना ओढे."

काश्मीरच्या युद्धात पुंछला 1947च्या नोव्हेंबरपासून वेढा पडला होता. आत लष्कर थोडं आणि निर्वासित हजारोंनी. त्या निर्वासितांनीच हातांनी जमीन सपाट करून पट्टी तयार केली. भोवतीच्या डोंगरांवर शत्रू. डिसेंबरात तिथे पहिलं डाकोटा उतरवलं ते बाबांनी स्वतः. एअर कमोडोर माणूस, मोहिमेचा प्रमुख. त्याचं काम नकाशासमोर बसून दुसऱ्याला पाठवण्याचं. तेही एकटे नाही गेले. सुब्रतो मुखर्जींना, म्हणजे पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले त्यांना, सोबत घेऊन गेले! पट्टी आखूड पडली असती तर हवाई दलाचा पुढचा इतिहासच ओढ्यात गेला असता. मग महिनोन्‌महिने फेऱ्या. जाताना धान्य, दारूगोळा, येताना जखमी आणि निर्वासित. तोफा पोचवायच्या होत्या तेव्हा रात्री, पट्टीच्या कडेनं तेलाचे दिवे लावून विमानं उतरली.

अण्णांचा वाटा काय, तर पोती चढवणं आणि आलेल्या विमानाची भोकं बुजवणं. डाकोटा हे मालवाहू विमान, पण तेव्हा त्याच्या दारातून बॉम्बही ढकलले गेले, माणसांनी हातांनी लोटून. हे सांगताना अण्णा हळूच हात धोतराला पुसायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

लेहची गोष्ट प्रसिद्ध आहे आणि मला ती पुंछइतकी भिडत नाही. तरी ती न सांगणं अन्यायाचं होईल. 24 मे 1948. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यानं सिंधूच्या काठी 10,600 फुटांहून उंच पट्टी तयार केली होती. झोजी ला, फोटू ला या खिंडी ओलांडायला डाकोटा चोवीस हजार फुटांकडे न्यायचं. आत हवेचा दाब राखायची सोय नाही, पंखांवर बर्फ धरलं तर काढायची यंत्रणा नाही, वाट कुणी आखलेली नाही. बाबांच्या शेजारी मेजर जनरल थिमय्या. उतरले. अण्णा ही गोष्ट दिवेघाटात सांगत नसत, "घाटाला उगाच कमीपणा येतो" म्हणून.

मी एकदा विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही त्यांच्याशी बोललात किती वेळा?"

"बोललो? दोनदा पाहिलं. एकदा लांबून, एकदा पाठमोरं."

मी तेव्हा हसलो. माझं वय तेव्हा सव्वीस. पंढरीत पोचून गर्दीमुळे कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरणारे वारकरी मी तोवर शेकड्यांनी पाहिले होते, तरी मला ते कळलं नव्हतं.

या माणसाचा हट्ट मात्र सरळ नव्हता. पराक्रमाच्या ऐन भरात, 1948च्या सप्टेंबरात, बाबांनी हवाई दल सोडलं. वय तेहतीस. महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर मिळालेला डीएसओ हा ब्रिटिश सन्मान गाठीशी होता, महावीर चक्र पुढे मिळालं. कारणांबद्दल अण्णा बोलत नसत. "साहेब लोकांचं साहेब लोक जाणोत," आणि पाय चोळत बसत.

तरडगावला संध्याकाळी समाजआरती. चोपदारांनी दंड उंचावून "होऽऽ" केलं की लाखाच्या मेळ्यात सुई पडल्यासारखी शांतता होते. ज्या दिंडीची तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचतात. एक टाळजोडी, एक चष्मा, अमुक दिंडीतली म्हातारी. यादी संपली की अण्णा माझ्या कानाशी पुटपुटायचे, "आणि एक एअर कमोडोर." दरवर्षी. मला हसू आवरायचं नाही आणि आजूबाजूचे रागानं बघायचे.

एका वर्षी मात्र मी हसलो नाही, कारण आदल्या रात्री वळवासारखं वारं सुटून राहुटीचे दोर तुटले होते आणि दोर धरून बसल्या बसल्या अण्णांनी शेवट सांगितला होता. 16 मार्च 1952ची रात्र. बाबा जम्मूहून दिल्लीला निघाले होते आणि वादळात विमान कोसळलं. चार दिवसांनी त्यांना सदतीस पूर्ण होणार होती. एवढंच. त्या गोष्टीला अण्णांनी हातवारे केले नाहीत. "दोर सोडू नको," म्हणाले, ते मला.

2018मध्ये हवाई दलानं ड्रोनच्या थव्यांची स्पर्धा काढली, तिला मेहर बाबांचं नाव दिलं. अण्णा तोवर गेले होते. आत माणूसच नसलेलं विमान म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं असतं, आणि नाव वाचून कात्रण पाकिटात ठेवलं असतं.

पंढरपुरात अण्णा नामदेव पायरीला दोनदा हात लावायचे. नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, तेव्हा एका सरदारजीसाठी हीच पायरी बरोबर, असा त्यांचा हिशेब होता. यंदा मी पायरीला हात लावला, पुन्हा लावला आणि तिसऱ्यांदा वाकलो तशी मागून गर्दी रेटू लागली. बंदोबस्ताचा हवालदार म्हणाला, "माउली, झालं ना? चला पुढं."

"माझं झालं. दोघांचं घेत होतो."

त्यानं माझ्या मागे पाहिलं.

"आटपा लवकर," म्हणाला.