जसंच्या तसं म्हणजे कोणत्या सालचं?

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी मुंबईला गेलो तो रॉयल ऑपेरा हाऊस बघायलाच. बाकीची कामं फोनवरही झाली असती. मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीनंतर आमच्या कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'जसंच्या तसं उभं राहिलं पाहिजे.' मीही तेच म्हणत होतो. पण जुनं थिएटर जसंच्या तसं करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे एकदा डोळ्यांनी बघावंसं वाटलं. शंभरी ओलांडलेलं, मध्ये बंद पडून गेलेलं आणि परत उभं केलेलं थिएटर म्हटलं की मला पहिलं ऑपेरा हाऊसच आठवतं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादर, तिथून स्लो लोकलनं चर्नी रोड. मावशी गिरगावातच राहते. तिला बेत सांगितला तर म्हणाली, "ऑपेरा हाऊसात बघायचं काय? आम्ही तिथं सिनेमे बघायचो. बाल्कनीतून." तिच्या लेखी ऑपेरा हाऊस म्हणजे बसचा थांबा, हिऱ्यांचे दलाल आणि मॅटिनी. तरी साडी बदलून निघाली. वाटेत मला तीनदा बजावलं, की आत गाणं कळलं नाही तरी मध्येच उठायचं नाही.

बाहेरून इमारत अंगावर येत नाही. रहदारी इतकी आहे की मान वर करायलाच सवड मिळत नाही. मी मावशीला घेऊन समोरच्या फुटपाथवर गेलो, तेव्हा कुठं दर्शनी भाग नीट दिसला. बरोक पद्धतीचं नक्षीकाम, वर त्रिकोणी शिखर, पुतळे, मधला सज्जा. १९०८ मध्ये हे थिएटर काढायचं डोक्यात घेतलं ते मॉरिस बँडमन या कलकत्त्याच्या नाटकवाल्यानं आणि जहांगीर फ्रामजी कराका या पारशी कोळसा व्यापाऱ्यानं. १९११ मध्ये पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी आले, त्यांच्या हस्ते उद्घाटनही उरकून घेतलं. बांधकाम मात्र अजून चालू होतं, ते पुढच्या वर्षी पुरं झालं. उद्घाटनाची घाई आणि मागं परांची, ही पद्धत आपल्याकडं कुणी आणली हा प्रश्न माझ्यापुरता तिथं सुटला.

तिकीट एका पाश्चात्त्य गायन-पियानोच्या कार्यक्रमाचं काढलं होतं. आत शिरल्यावर फॉयेमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, ससून या श्रीमंत व्यापारी घराण्याकडून आलेली झुंबरं. मावशी त्यांच्याखाली थांबून वर बघत राहिली आणि म्हणाली, "ही तेव्हा होती का रे? आम्ही कधी वर बघितलंच नाही." खरं असणार. सिनेमाला घाईनं आत जाणारा माणूस वर कशाला बघेल?

प्रेक्षागृह पाहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे एवढंच? ५७५ खुर्च्या. आपली नगरपालिकांची नाट्यगृहं याहून मोठी असतात. पण उंची आहे. खालचा मजला, वर बाल्कनी, त्याच्याही वर गॅलरी, सगळीकडं लाल आणि सोनेरी, आणि डोक्यावर आठ पाकळ्यांचा घुमट, त्यात जगभरचे कवी, कादंबरीकार, नाटककार रंगवलेले. दोन्ही बाजूंना बॉक्स, म्हणजे मोजक्या प्रेक्षकांसाठीचे छोटे सज्जे. एक प्रकाशयोजनाकार म्हणून मला हे बॉक्स आवडत नाहीत, सरळ सांगतो. आपल्याला बाजूनं स्पॉट मारायची जी जागा हवी असते, नेमकी तिथंच ते असतात. शिवाय बॉक्समध्ये बसणाऱ्याला रंगमंच तिरपा दिसतो. पण बाकीच्या सगळ्यांना बॉक्समधला माणूस दिसतो, आणि बॉक्सचे पैसे त्या दिसण्याचेच होते.

गंमत म्हणजे हे बॉक्स मूळचे नाहीत. १९३५ च्या सुमाराला इथं सिनेमा आला आणि पडद्याच्या सोयीसाठी मूळचे बॉक्स काढून टाकले. वादकांसाठी रंगमंचापुढं असलेला खड्डाही बुजवला. पुढं १९५२ मध्ये मालकी गोंडलच्या महाराजांकडं गेली. १९९३ ला थिएटर बंदच पडलं. २००८ पासून वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धाराचं काम केलं, तेव्हा जुने फोटो शोधून बॉक्स पुन्हा उभे केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा परत वर गेला. म्हणजे मी ज्यांच्यावर वैतागलो होतो ते बॉक्स जेमतेम आठ-नऊ वर्षांचे, पण १९१२ चे. हे कोडं डोक्यात घेऊन मी पहिला अर्धा कार्यक्रम ऐकला, आणि खरं सांगायचं तर त्यातलं अर्धंच ऐकलं.

मध्यंतरात मावशीला खुर्चीवर सोडून वर गॅलरीत गेलो. जिने चढताना गुडघे बोलतात. घुमटाचा आकार असा आहे की अगदी वरच्या स्वस्त जागेपर्यंत शब्द पोचतो, असं मी वाचलं होतं. दुसऱ्या अर्ध्यातलं पहिलं गाणं वरून ऐकलं. गायिकेनं माईक घेतला नव्हता. भाषा कळत नसूनही शब्दाचा शेवट, म्हणजे 'त' की 'द', हेसुद्धा वरपर्यंत येत होतं. नाटकवाल्याला याहून जास्त काय हवं? आमच्या स्पर्धेत तिसऱ्या रांगेतला परीक्षक 'ऐकू येत नाही' असा शेरा मारतो.

याच रंगमंचावर बालगंधर्व गायले, दीनानाथ मंगेशकर गायले. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकं इथं झाली. बालगंधर्वांचं नाव निघालं की कोल्हापूरकर माणसाचं मन लगेच गायकनट केशवराव भोसल्यांकडं धावतं. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईतच 'संयुक्त मानापमान' झालं, म्हणजे दोघांच्या नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं 'मानापमान', बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तीन महिन्यांत केशवराव गेले. वय फक्त ३१. त्यांच्या नावाचं आमचं थिएटर, मूळचं शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ चं. ऑपेरा हाऊसहून तीन-चार वर्षांनी धाकटं. जळालं ते केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री.

कार्यक्रम संपल्यावर मावशीला विचारलं, "कसं वाटलं?"

"छान आहे. पण माझं ऑपेरा हाऊस हे नव्हे."

या एका वाक्यासाठी मी तिचा ऋणी आहे. बरोबर बोलली ती. सिनेमाची जवळजवळ सहा दशकं या वास्तूनं काढली. गिरगावातल्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक असलेलं ऑपेरा हाऊस ते. जीर्णोद्धारात त्याला बाजूला केलं आणि त्याच्या आधीचं निवडलं. मला स्वतःला ही निवड पटते. थिएटरला थिएटर करायचं असेल तर सिनेमासाठी केलेली तोडफोड दुरुस्त करावीच लागणार. पण ती निवड होती, आणि कुणीतरी बसून, फोटो समोर ठेवून केली होती. 'जसंच्या तसं' हे सुतार-गवंड्याला देता येईल असं मापच नाही, आधी साल सांगावं लागतं.

आमच्याकडं कोणतं साल? १९१५ चं म्हटलं तर एसी नको, आणि माझे लाइट टांगायचे बारही नकोत. आगीच्या आदल्या दिवसाचं म्हटलं तर शंभर वर्षांत झालेल्या सगळ्या बऱ्यावाईट दुरुस्त्या परत बांधायच्या. माझं मत विचाराल तर प्रेक्षागृह जितकं जुन्याकडं नेता येईल तितकं न्यावं, आवाजाशी अजिबात खेळू नये, आणि रंगमंचावरचा वरचा भाग, तारा, प्रकाश कमीजास्त करणारे डिमर हे मात्र कोरं करकरीत आजचं असावं. जळालेल्या वास्तूत जुन्या वायरिंगचं प्रेम कुणी बाळगू नये.

पण यातलं काहीही करायचं तर फोटो लागतात. परत आल्यापासून मी तेच गोळा करतोय. माझ्याकडं शाळेच्या गॅदरिंगचा एक आहे, त्यात डावीकडच्या विंगेचा कोपरा आणि झालरीची घडी स्पष्ट दिसते. तुमच्याही घरी असतील: बक्षीस समारंभ, एकांकिका, कुणाचा तरी सत्कार, अरंगेत्रम. समोर हार घातलेला पुढारी उभा असेल तर असू दे, तो कोण हे सांगायचीही गरज नाही. मला त्याच्या मागची भिंत हवी आहे.