जुन्या जीपचं क्राउन-पिनियन घरी बसवायचं असेल तर

सीजे ३बी जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये डाना ४४ डिफरन्शियल असतं, म्हणजे इंजिनाची फिरकी दोन्ही चाकांकडे वळवणारे गियर. क्राउन हा त्यातला मोठा गियर आणि पिनियन त्याला फिरवणारा छोटा. ही जोडी घरी नीट बसवता येते. पण बॅकलॅश (दोन्हींच्या दातांमधली मोकळीक) जमला म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका. दातांवरचा रंगाचा ठसा बरोबर येईपर्यंत काम अर्धंच.

खोलण्याआधी आवाज ओळखा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरीच शीळ येत असेल तर दातांवर संशय घ्या. सलग घरघर बहुधा बेअरिंगची असते. फक्त वळताना कटकट होत असेल तर आतले छोटे गियर आणि त्यांचे वॉशर तपासा.

बेअरिंग कॅपवर पंचने खुणा करूनच बोल्ट सोडा. हौसिंगचं बोअरिंग या कॅप लावूनच झालेलं असतं, त्यामुळे अदलाबदल झाली की बेअरिंग सरळ बसत नाही. निघालेल्या शिम (अंतर भरायच्या पातळ चकत्या) बाजूप्रमाणे वेगळ्या बांधा आणि प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजा. क्राउन आणि पिनियन एकत्र घासून जुळवलेले असतात, तेव्हा नवं घ्यायचं तर जोडीच घ्या.

सगळ्यात जास्त घोळ पिनियनवर होतो. आतल्या बेअरिंगच्या कपामागे (बाहेरच्या कड्यामागे) शिम वाढवली की पिनियन क्राउनकडे सरकतं, पण त्याबरोबर प्रीलोडही (बेअरिंगवरचा आवळलेला ताण) वाढतो. म्हणून मागे ०.१० मिमी घातली तर बाहेरच्या बेअरिंगच्या शिममध्येही ०.१० मिमी घाला. नट २७० ते ३०० न्यूटन-मीटरला आवळा. नव्या बेअरिंगवर पिनियन फिरवायला २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर लागले पाहिजेत. फ्लँजला (पिनियनच्या बाहेरच्या टोकाच्या चकतीला) दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने ओढलं तरी हे मोजता येतं: ४ सेमी त्रिज्येवर साडेसात किलोचा ओढ म्हणजे सुमारे ३ न्यूटन-मीटर. पहिला हिसका धरू नका, एकसारखं फिरताना काटा काय दाखवतो ते पाहा.

या डिफरन्शियलमध्ये बाजूच्या शिम बेअरिंगच्या मागे असतात, म्हणजे दर बदलाला बेअरिंग ओढून काढायचं. त्यापेक्षा जुळवाजुळवीपुरतं जुन्या बेअरिंगचं भोक घासून थोडं मोठं करा. ते हाताने चढतं-उतरतं आणि नवी बेअरिंग पुलरच्या मारातून वाचतात. जुन्या-नव्याच्या उंचीत फरक असतो, तो मात्र शेवटी मोजून घ्या. बॅकलॅश ०.१३ ते ०.२३ मिमी ठेवा. तो डायल गेजने क्राउनवर चार ठिकाणी पाहा, फरक ०.०५ मिमीच्या वर गेला तर क्राउन उतरवून मागची बैठक पुसा. तिथे अडकलेला एक बारीक कीसही पुरतो.

आता सात-आठ दातांना पिवळा मार्किंग रंग लावा आणि क्राउनला लाकडी दांडक्याने अडवत पिनियन फिरवा. जोर न लावता फिरवलं तर ठसा फिका उठतो आणि फसवतो. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत आहे, टोकाशी आला तर बाहेर. दोन्ही बाजूंनी दाताच्या उंचीच्या मध्यावर यायला हवा. पिनियन आत-बाहेर सरकवलं की बॅकलॅश पुन्हा मोजा.

नवं ऑइल सील लावा, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) साफ करा आणि ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ऑइल भरण्याच्या प्लगच्या कडेपर्यंत भरा. पहिले २५ किमी हळू चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्या. ८०० किमीपर्यंत ट्रेलर ओढू नका, आणि तेव्हा ऑइल बदला.