जायफळाचे वीस रुपये जादा

आमच्या गल्लीत पिठाची गिरणी होती तिथे आता कॉफीचं दुकान झालंय. जुलैमधल्या एका दुपारी पाऊस आला, माझ्याकडे छत्री नव्हती, म्हणून आत शिरले. नाहीतर मी कसली जातेय! चार टेबलं, एकाची खुर्ची दुसऱ्याच्या पाठीला लागलेली. गिरणीवाल्याचा 'उधार मागू नये' हा फळा तेवढा पोराने ठेवलाय. ती ओळ आता मागच्या बाजूला गेलीय, पुढून तो खडूने दर लिहितो.

पोरगा म्हणजे पंचविशीचा असेल. छोट्या काट्यावर पंधरा ग्रॅम बिया मोजल्या, एक बी काढली, पुन्हा ठेवली. सोनारसुद्धा इतका जीव काढत नाही. मग लांब मानेच्या किटलीतून गोल गोल पाणी सोडत बसला, तीन मिनिटं. "चिकमगळूरची आहे काकू. संत्र्याची चव लागेल बघा." मी घोट घेतला, डोळे मिटले, संत्रं शोधलं. नव्हतं. "हो रे, लागतंय," म्हटलं. एवढी मेहनत केली बिचाऱ्याने.

खरं सांगायचं तर कॉफी म्हणजे जायफळ, एवढंच मला कळतं. आमच्याकडे कॉफी रोज नसायचीच. रोजचा तो चहा. कॉफी पाहुण्यांना, आजाऱ्यांना आणि मुलगी बघायला येणाऱ्यांना. साखरेच्या पांढऱ्या वडीत मधोमध कॉफीची पूड असायची, तीच उकळत्या दुधात सोडायची. आतला तपकिरी ठिपका विरघळत पसरताना बघायला मी ओट्याला हनुवटी टेकून उभी. मग आई छोट्या किसणीवर जायफळ घासायची, खर्र, खर्र, मोजून चार वेळा. पाचव्यांदा घासलं की म्हणे पाहुणे इथेच झोपतील. झोप उडवायला कॉफी आणि झोप आणायला जायफळ, दोन्ही एकाच पातेल्यात! यात काही चुकतंय असं आमच्या घरात कधी कुणाला वाटलं नाही.

तर दुसऱ्या खेपेला मी पर्समध्ये किसणी आणि अर्धं जायफळ घेऊन गेले. पोराची पाठ वळल्यावर टेबलाखाली घासलं. आवाज लपला नाही. त्याने वळून पाहिलं, काही बोलला नाही. त्या पंधरा ग्रॅमचा मी खून केला होता, हे मलाही कळत होतं. तिसऱ्या खेपेला कपाबरोबर बशीत जायफळ आणि किसणी आली. मी हरखले. उठताना फळ्याकडे लक्ष गेलं, तर शेवटच्या ओळीत खडूने लिहिलेलं: 'जायफळ – २० रुपये जादा'. माझ्याकडूनही घेतले वीस रुपये. पुण्यात राहून त्याला दुकान चालवायचंय, शिकतोय.

मोठ्या दुकानांत मला जमत नाही. एकदा भाचीबरोबर गेले होते. त्यांनी नाव विचारून कपावर लिहिलं, भलतंच लिहिलं, आणि मग सगळ्यांसमोर ते भलतं नाव मोठ्याने पुकारलं. मी उठलेच नाही. कॉफी निवली.

नाव न विचारता ओळखणारी दुकानं मी पहिल्यांदा पाहिली ती माटुंग्याला. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, ऑफिस फोर्टात, पण शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटले की मला घेऊन किंग्ज सर्कलला उतरायचे. तिथे काय, राम आश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं; त्या वस्तीत कॉफी ही पाहुण्यांची गोष्टच नव्हे. पूड दळणाऱ्या दुकानांवरून जाताना अण्णा पावलं हळू टाकत. आमचं ठरलेलं ठिकाण मात्र आतल्या गल्लीतलं, लहान, पाटी पार पुसून गेलेली. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ, कपाळावर भस्म. अण्णा बसले न बसले तोच वाटी-पेला पुढे यायचा. आत जाडसर डिकॉक्शन, चिकोरीचा तो किंचित कडू वास, वर फेस, साखर अजिबात नाही. अण्णा पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतायचे आणि माझ्यासाठी तळाशी दोन घोट ठेवायचे. त्यात मी साखर घालून घ्यायचे. वीसेक वर्षांत अण्णा आणि ते गृहस्थ एकमेकांशी काय बोलले असतील? "पाऊस." "हो." एवढंच. एकमेकांचं नाव दोघांनाही ठाऊक नसावं.

अण्णा गेल्यावर दोन महिन्यांनी एका कामासाठी मी माटुंग्याला गेले होते. पाय आपोआप त्या गल्लीत वळले. एकटीच जाऊन नेहमीच्या टेबलावर बसले. गल्ल्यावरून त्यांनी माझ्या मागे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"साहेब दिसले नाहीत बरेच दिवस?"

"गावाला गेलेत," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

त्यांनी मान डोलावली आणि आत हात केला. वाटी-पेला आला, भरलेला, बिनसाखरेचा. मला दोन चमचे लागतात. साखरेचं भांडं समोरच होतं.

तशीच प्यायले.