वाइलरबाखच्या वाटेवर: जर्मन खेड्यातलं अमेरिकन बिऱ्हाड

फ्रँकफर्ट विमानतळावरून गाडी काढली की माइन्त्सवरून ए-63 हा महामार्ग थेट कायझर्सलाउटर्नला आणून सोडतो. सव्वा-दीड तासाचा रस्ता. त्यापुढची रामश्टाइन, लांडश्टूल, वाइलरबाख, माकेनबाख ही गावं दिसायला चारचौघांसारखीच, पण रामश्टाइनच्या अमेरिकन हवाई तळामुळे 1950च्या दशकापासून या भागात अमेरिकन राहतात. आज सुमारे 50,000. कायझर्सलाउटर्नचं त्यांनी केव्हाच 'के-टाउन' करून टाकलंय. बरीच कुटुंबं तळाबाहेर, गावात भाड्याने राहतात. तळाच्या फाटकाच्या आत डॉलर चालतो आणि रविवारीही खरेदी होते. बाहेर सगळं गावाच्या वेळापत्रकाने. नवख्यांची बहुतेक फजिती या वेळापत्रकापायीच होते.

आधी घर. इथे 'रिकामं घर' म्हणजे अनेकदा स्वयंपाकघराचा ओटाही नाही, छताला दिव्यांऐवजी लोंबत्या तारा आणि भिंतीतलं कपाट तर विसराच. तळावरच्या कुटुंबांना फ्रीज, कपाटं उसनी मिळतात. स्वतःच्या हिमतीवर आलेल्यांनी ओटा मागच्या भाडेकरूकडूनच विकत घ्यावा, स्वस्त पडतो. जाहिरातीत 'काल्टमीट' दिसलं तर ते नुसतं घरभाडं. पाणी, कचरा वगैरेचा मासिक हप्ता वेगळा आणि वर्षाअखेरीस त्याचा हिशेब. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटएवढी, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा कायदेशीर हक्क भाडेकरूला आहे. ताबा घेताना मीटरचे आकडे आणि प्रत्येक ओरखडा कागदावर हवा.

खेड्यातल्या जुन्या घरांत तळघरात घर गरम ठेवायच्या तेलाची टाकी असते. वर्षाला 2,000 ते 3,000 लिटर तेल सहज लागतं आणि ते आपणच मागवायचं. थंडीच्या तोंडावर सगळेच मागवतात, म्हणून उन्हाळ्यातच टाकीवरची पातळी बघावी. टाकी पार आटू दिली तर तळाचा गाळ आणि हवा बर्नरमध्ये जाते. मग नुसतं तेल भरून भागत नाही, मिस्त्री बोलवावा लागतो. टँकर यायच्या आधी बॉयलर बंद करावा आणि भरल्यावर गाळ बसेपर्यंत दोन-चार तास थांबावं.

अमेरिकन घरात गरम-थंड हवेची यंत्रणा हवा खेळती ठेवते. इथे ते काम खिडकीचं. सकाळी, संध्याकाळी आणि अंघोळीनंतर समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि बंद करायच्या. खिडकी नुसती तिरकी करून दिवसभर ठेवली की हवा फारशी बदलत नाही, पण भोवतालची भिंत गारठते, तिच्यावर दव धरतं आणि बुरशी येते. घर सोडताना सगळ्यात मोठं भांडण याच बुरशीवरून होतं. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, चार बोटं जागा सोडावी.

विजेचं गणित सोपं वाटतं, पण फसवतं. अमेरिकेत 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. इथे 230 आणि 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे हर्ट्झवर चालणारं अमेरिकन घड्याळ तासाला 10 मिनिटं मागे पडतं. केस वाळवायचं यंत्र, टोस्टर इथलेच घ्यावेत. त्यांना पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग. अमेरिकेहून बदलीवर येणाऱ्या मराठी घरांची गंमत वेगळीच: तिथे घेतलेला मिक्सर इथे अडतो, पण पुण्याहून आणलेला निव्वळ अ‍ॅडॅप्टर लावून चालतो.

आता वेळापत्रक. गावातली बेकरी शनिवारी दुपारीच आवरते, डॉक्टर बुधवारी दुपारी बहुधा नसतात, रविवारी किराणा बंद. ऱ्हाइनलँड-फाल्त्स या इथल्या राज्यात 1 नोव्हेंबरला सुट्टी असते. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालेले अमेरिकन रिकाम्या हाताने परततात. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता. वस्तीत गवत कापायचं यंत्र रविवारी, सुट्टीला अजिबात नाही, आणि एरवीही रात्री 8 ते सकाळी 7 बंद. बाटल्या काचकुंडीत टाकायच्या त्याही रविवारी नाही, खळखळाट होतो म्हणून. पांढरी, तपकिरी, हिरवी काच वेगळी. निळी बाटली हिरव्यात. पेयांचे पत्र्याचे डबे आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या मात्र कुंडीत घालू नका, त्यांच्यावरचे 25 सेंट दुकानातल्या यंत्रात परत मिळतात.

कुठला डबा कुठल्या दिवशी, हे जिल्ह्याच्या कचरा-कॅलेंडरात असतं. ते घरात शिरल्याच्या दिवशीच फ्रीजवर लावा. डबा आदल्या संध्याकाळी बाहेर. भलताच कचरा सापडला तर गाडी डबा तसाच सोडून जाते, आणि वर्गवारी करून उरलेल्या कचऱ्याच्या डब्यासाठी पुढची खेप बऱ्याचदा दोन आठवड्यांनी.

गाडी चालवताना पिवळी गावपाटी दिसली की ताशी 50 किलोमीटर, वेगळा फलक नसला तरी. आतल्या गल्ल्यांत खूण नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, तो कितीही बारीक बोळातून येवो. अमेरिकेतून आलेल्या गाडीचे टायर तपासा: ऑक्टोबर 2024पासून बर्फाळ रस्त्यावर टायरवर नुसतं 'एम+एस' (चिखल-बर्फ) हे अक्षरचिन्ह चालत नाही, डोंगर आणि हिमकणाची खूण लागते.

शेजाऱ्यांची गाठ हा उलटा मामला. अमेरिकेत नव्याकडे शेजारी केक घेऊन येतात. इथे नव्याने दार वाजवायचं. आठवडा गेला, कोणीच आलं नाही म्हणून रुसून बसलेलं कुटुंब खरं तर स्वतःच उशीर करत असतं. बेकरीत, दवाखान्यात शिरताना सगळ्यांना मिळून एक 'मोर्गन' (सुप्रभात). ओळख झाली की एक किल्ली शेजारी ठेवा: बाहेरच्या दाराची मूठ फिरत नाही, दार ओढलं गेलं की तुम्ही बाहेर, आणि रात्रीचा किल्लीवाला खिसा कापतो. आणि आतून किल्ली कुलपात अडकवून ठेवू नका, बऱ्याच कुलपांत मग शेजाऱ्याकडचीही लागत नाही.