शेवटी केंद्रकं फुगली!

१९६६ साली ग्रॅहम, आर्म्स आणि गर्डन या शास्त्रज्ञांनी पूर्ण वाढ झालेल्या बेडकाच्या मेंदूतली केंद्रकं बेडकाच्याच अंड्यात टोचली. मेंदूच्या पेशी सहसा डीएनएची कॉपी करायच्या भानगडीतच पडत नाहीत, तरी दीडेक तासात ती केंद्रकं फुगली आणि कॉपी सुरू! हे वाचल्यापासून मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच होतं.

अंडी फोडून ट्यूबमध्येही हे होतं, ब्लो आणि लास्की यांनी १९८६ मध्ये दाखवलंय, म्हणून प्रोजेक्टसाठी मी तोच रस्ता धरला. झेनोपस या बेडकाच्या मादीला आदल्या संध्याकाळी एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन दिलं की सकाळी अंडी तयार, मिलिमीटरभराची, अर्धी काळपट अर्धी फिकट. भोवतीची जेली सिस्टीन या अमिनो आम्लाच्या द्रावणाने काढायची आणि इथेच मी दोनदा आपटले, जरा जास्त वेळ राहिली की अंडी फुटायलाच लागतात. खराब, पांढरी पडलेली अंडी एकेक वेचून टाकायची, यात कंटाळा केला तर पुढचं सगळं पाण्यात. मग कॅल्शियम आयनोफोर या रसायनाने अंडी जागी करायची, म्हणजे फर्टिलायझेशन झाल्याचा भास द्यायचा, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवायची. वर पिवळी चरबी, तळाला काळं पिगमेंट आणि बलक, मधला मातकट सोनेरी थर तेवढा हवा, तो बाजूने सुई टोचून हळूच ओढून घ्यायचा.

त्यात शुक्राणूंची केंद्रकं टाकली आणि दर दहा मिनिटांनी थेंब काढून बघत बसले. आधी तारेच्या तुकड्यासारखी बारीक, वाकडी, मग जाड, मग भोवती पडदा आला आणि गोल टपोरी झाली! नव्या डीएनएत शिरून खूण करणारं बायोटिनवालं डीयूटीपी घातलेलं, स्टेन केल्यावर ती लख्ख चमकली. शेजारच्या ट्यूबमध्ये डीएनएची कॉपी रोखणारं अ‍ॅफिडिकोलिन होतं, तिथे केंद्रकं फुगली पण चमक नाही, म्हणजे ही खरंच कॉपी होती. मला रडूच आलं.

फर्टिलायझेशननंतर भराभर विभागायचं असतं म्हणून अंड्यात एमसीएम (कॉपी सुरू व्हायच्या आधी डीएनएवर बसणारी प्रथिनं) वगैरे सामान आधीच भरलेलं असतं. पण ऊसाइटमध्ये, म्हणजे अजून न पिकलेल्या अंड्यात, तेच मेंदूचं केंद्रक टाकलं तर आरएनए बनतो, डीएनएची कॉपी नाही होत, ती ताकद अंडं पिकताना येते. केंद्रक तेच, भोवतालचं बदललं की त्याचं कामच बदलतं, मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

आता पुढच्या खेपेला केंद्रकं टाकायच्या आधीच जेमिनिन हे एमसीएमला अडवणारं प्रथिन घालणार आहे, एमसीएम डीएनएवर बसूच दिलं नाही तर केंद्रकं फुगूनही चमकायला नकोत.